पन्नास हजार डॉलरचा रकाना : व्हर्जिनियाच्या शिक्षा-खर्चपत्रकाचं परीक्षण

सेवा: फौजदारी विधेयकांसोबत येणारं ‘फिस्कल इम्पॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे खर्चपत्रक
देणारी संस्था: व्हर्जिनिया क्रिमिनल सेंटेन्सिंग कमिशन, अमेरिका
किंमत: फुकट, नोंदणी लागत नाही
तपासणीसाठी घेतलेला विषय: प्राण्यांच्या झुंजींबद्दलची शिक्षा
गुण: ५ पैकी ३

कुत्र्यांच्या नाहीतर कोंबड्यांच्या झुंजी लावणाऱ्यांना आणखी कडक शिक्षा करा, असं सभागृहात म्हणायला आमदाराला दमडी लागत नाही. टाळ्या लगेच मिळतात. मग कैद्याची खाट, जेवण, पहारा आणि औषधपाणी यांचं बिल दोन-तीन वर्षांनी भलत्याच खात्याच्या टेबलावर जाऊन पडतं. व्हर्जिनिया राज्याने यावर कायद्यानेच तोडगा काढला आहे. ज्या विधेयकामुळे राज्याच्या तुरुंगातला मुक्काम वाढू शकतो, त्याच्यासोबत कमिशनने तयार केलेलं खर्चपत्रक असलंच पाहिजे. त्यातला आकडा विधेयकाच्या अंगावर छापलाही जातो. नवा गुन्हा, वाढीव कैद, किमान सक्तीची कैद किंवा सुटकेच्या नियमांत कडकपणा, यांपैकी काहीही असलं तरी पत्रक लागतं.

कल्पना म्हणून ही सेवा पाचपैकी पाच गुणांची आहे. तिची खरी परीक्षा मात्र कमी संख्येच्या गुन्ह्यांत होते. चोरी किंवा अंमली पदार्थांसाठी वर्षाला हजारो शिक्षांची आकडेवारी हाताशी असते. झुंजींच्या शिक्षा मोजक्या आणि त्यांमागचे खटले अवाढव्य असतात. तिथे हे यंत्र काय करतं ते पाहण्यासाठी हा विषय घेतला.

पानावर काय मिळतं

पत्रक साधारण दोन-चार पानांचं असतं. वर विधेयकाचा क्रमांक, मांडणाऱ्या सदस्याचं नाव, तारीख आणि मसुद्याचा क्रमांक असतो. त्याखाली चौकटीत पाच ओळी येतात: राज्याचे तुरुंग, स्थानिक तुरुंग, तुरुंगाबाहेरची देखरेख म्हणजे प्रोबेशन वगैरे, अल्पवयीनांची राज्यस्तरीय सुधारगृहं आणि अल्पवयीनांची स्थानिक स्थानबद्धता केंद्रं. प्रत्येक ओळीपुढे डॉलरचा आकडा किंवा ‘ठरवता येत नाही’ असा शेरा. शेवटच्या दोन ओळींची माहिती बालन्याय खात्याकडून येते आणि तसं तारांकन करून सांगितलेलं असतं.

चौकटीखाली प्रस्तावित बदल, सध्याचा कायदा, उपलब्ध आकडेवारीचं विश्लेषण आणि मग एकेका व्यवस्थेवरचा परिणाम. भाषा कोरडी आणि स्वच्छ आहे. विश्लेषणाचा भाग मन लावून वाचावा. या कलमाखाली अलीकडच्या काही वर्षांत किती जणांना शिक्षा झाली, त्यातल्या कितींना तुरुंगवास झालाच नाही, कितींना स्थानिक तुरुंग मिळाला, किती जण राज्याच्या तुरुंगात गेले आणि मधली (मीडियन) शिक्षा किती महिन्यांची होती, हे सगळं तिथे सापडतं. वर्तमानपत्रात ‘पाच वर्षांची शिक्षा होऊ शकते’ असं छापून येतं, प्रत्यक्षात काय होतं ते इथे कळतं. वकील, पत्रकार आणि प्राणी संघटनांचे कार्यकर्ते यांनी निदान तेवढ्यासाठी तरी हे पत्रक उघडावं.

अंदाजाची रीत अशी: कायदा लागू झाल्यानंतरच्या सहा आर्थिक वर्षांत जास्तीच्या खाटा किती लागतील ते काढायचं, त्यातलं सर्वांत महाग वर्ष निवडायचं आणि त्या वर्षाचा चालू खर्च आजच्या डॉलरमध्ये लिहायचा. सहा वर्षं धरण्यामागे कारण आहे. आज वाढवलेली शिक्षा आजच्या खाटा अडवत नाही. ज्या कैद्याची पूर्वी अठराव्या महिन्यात सुटका झाली असती, तो एकोणिसाव्या महिन्यातही आत असतो तेव्हा पहिली जादा खाट लागते. खटल्याचा वेळ धरला तर हा फुगवटा तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसू लागतो. पहिल्याच वर्षाचा आकडा छापला असता तर जवळपास प्रत्येक विधेयक स्वस्त दिसलं असतं.

ज्या कायद्याचं मोजमाप करायचं आहे तो

व्हर्जिनियाचं झुंजींचं कलम ३.२-६५७१ आहे. झुंज लावणं, तिची तयारी करणं, ती बघायला हजर राहणं, आपल्या जागेत होऊ देणं, मदत करणं, हे सगळं किमान पहिल्या वर्गाचं मिस्डिमीनर (कमी गंभीर गुन्हा) ठरतं. म्हणजे स्थानिक तुरुंगात १२ महिन्यांपर्यंत कैद आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड. हाच गुन्हा सहाव्या वर्गाची फेलनी (गंभीर गुन्हा) कधी होतो? झुंजीतला एक जरी प्राणी कुत्रा असेल; झुंजायची ताकद वाढवणारं किंवा इजा करणारं साधन वा द्रव्य वापरलं असेल; पैज लागली असेल; प्रवेशाचे पैसे घेतले असतील; झुंजीसाठी म्हणून प्राणी पाळला, शिकवला, नेला किंवा विकला असेल; किंवा अल्पवयीन मुलाला तिथे नेलं असेल, तर. कोंबड्याच्या पायाला बांधायची पोलादी नखी सापडली तरी साधनाचं उपकलम लागू शकतं. त्यामुळे कोंबड्यांची झुंज कागदावर मिस्डिमीनरपासून सुरू होत असली, तरी पैज नसलेली आणि नखी नसलेली झुंज शोधून सापडायची नाही.

सहाव्या वर्गाच्या फेलनीला १ ते ५ वर्षं कैद आहे. पण ज्यूरी किंवा न्यायाधीश यांना वाटलं तर त्याऐवजी स्थानिक तुरुंगात १२ महिन्यांपर्यंत कैद, २,५०० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही देता येतं. तळ मिस्डिमीनरइतकाच खाली आणि छत पाच वर्षांवर, अशी ही रचना आहे. तुरुंगांवर पडणारा ताण समजून घ्यायचा तर हा पर्याय सोडून पुढे जाता येत नाही.

आणि इथेच एक खुबी आहे, जी पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटते. व्हर्जिनियात ‘१२ महिने’ आणि ‘एक वर्ष’ या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. फेलनीत १२ महिने झाले तर कैदी स्थानिक यंत्रणेचा. एक वर्ष झालं तर तो राज्याचा. कॅलेंडरवर फरक नाही, हिशेबाच्या वहीत मात्र आहे. स्थानिक तुरुंग शेरीफ चालवतो किंवा आसपासच्या काउंट्या (आपल्या जिल्ह्यासारखे विभाग) मिळून चालवतात. राज्य त्यांना दर कैद्यामागे रोजचे ठरावीक डॉलर देतं, ते पुरत नाहीत आणि उरलेला भार काउंटीच्या तिजोरीवर येतो. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स किंवा लाउडन काउंटीत घर असलेल्या मराठी माणसाने मालमत्ता कराचं बिल हातात घेऊन हे वाचलं तर त्याला ते जास्त लवकर कळेल.

आता शिक्षेतल्या सवलतीचा हिशेब. मिस्डिमीनरच्या कैद्याला चांगल्या वर्तणुकीबद्दल भोगलेल्या प्रत्येक दिवसामागे एक दिवस सूट मिळते. म्हणजे १२ महिन्यांची शिक्षा सहा महिन्यांत आटोपते. १ जानेवारी १९९५ पासूनच्या फेलनीला पॅरोल, म्हणजे मुदतीआधी सशर्त सुटका, नाही. निदान ८५ टक्के शिक्षा भोगावी लागते, असा नियम होता. त्या हिशेबाने त्याच स्थानिक तुरुंगातले १२ महिने म्हणजे साधारण १० महिने आणि थोडे दिवस. समजा, एखाद्या विधेयकाने झुंजीचा एक प्रकार मिस्डिमीनरमधून फेलनीत ढकलला आणि न्यायाधीशाने शिक्षा पूर्वीइतकीच, १२ महिने दिली. निकालपत्रातला आकडा हललाही नाही. तरी काउंटीच्या तुरुंगातली खाट चार महिने जास्त अडली. राज्याच्या रकान्यात याची नोंद शून्य.

पत्रकाच्या स्थानिक तुरुंगाच्या ओळीत हा परिणाम यायला हवा. ‘वाढू शकेल, पण किती ते सांगता येत नाही’ इतकं तिथे येतंही. पण चार महिन्यांचं हे साधं गणित उदाहरण म्हणून मांडायला कोणी मना केलं आहे? एवढ्यासाठी अर्धा गुण कापला.

(२०२२ पासून राज्याच्या तुरुंगांत बऱ्याच गुन्ह्यांना जास्त सूट मिळू लागली आहे. जुन्या पत्रकांतला ८५ टक्क्यांचा हिशेब राज्याच्या कैद्यांना डोळे झाकून लावू नये.)

पन्नास हजार कुठून आले

झुंजींच्या विधेयकांवर राज्य तुरुंगांच्या ओळीपुढे बहुतेक वेळा एकच आकडा दिसतो: ५०,००० डॉलर. शेजारी तारांकन. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी एका कैद्याचा वर्षाचा खर्च काढून गोळाबेरीज केली असेल. तसं नाही. पुरेशी माहिती नसेल तर कमिशनने ‘ठरवता येत नाही’ असं लिहावं, ही मूळ कायद्यातली तरतूद. तिचा परिणाम असा की, अंदाज न येणारं विधेयक शून्य खर्चाचं असल्यासारखं पुढे सरकायचं. मग विधिमंडळाने अर्थसंकल्पाच्या कायद्यात कलम घातलं: माहिती अपुरी असेल तेव्हा किमान ५०,००० डॉलर धरा आणि विधेयकावर छापा. मंजूर झालेल्या कायद्यांच्या शेवटी आजही हे वाक्य येतं आणि त्यात अर्थसंकल्पाच्या त्या त्या वर्षाच्या प्रकरणाचा हवाला असतो.

म्हणजे हा आकडा अंदाज नाही. ते प्रवेशशुल्क आहे. एवढी रक्कम छापली गेली की विधेयकाला अर्थ समितीच्या दारातून जावं लागतं आणि तिथे ‘या पन्नास हजारांची तरतूद कुठे आहे’ हा प्रश्न उभा राहतो. तरतूद नसली तर विधेयक समितीतच पडून राहतं. विरोधात मत न देता विधेयक संपवायची ही सभ्य पद्धत आहे, आणि झुंजींच्या बाजूने उघड बोलणं अवघड असल्यामुळे तिचा मोह मोठा असतो.

अपुरी माहिती ही पळवाट आहे का? इथे कमिशनची बाजू घ्यावी लागते. या कलमाखालच्या शिक्षांची संख्या इतकी लहान असते की एका मोठ्या छाप्याने सगळी सरासरी उलटीपालटी होते. एका शेतावर छापा पडला आणि ४० प्रेक्षक हजेरीच्या कलमात सापडले, तर ते वर्ष मागच्या दहा वर्षांवर भारी पडेल. शिवाय झुंज हा मुख्य गुन्हा असेल तर राज्याच्या शिक्षा-मार्गदर्शक तक्त्यात तो येत नाही. दुसऱ्या मोठ्या गुन्ह्यासोबत जोडगुन्हा म्हणून आला तर तक्त्यातले गुण तेवढे वाढतात. तक्ता नसल्यामुळे न्यायाधीश काय देतील याचा ठोकताळा बांधता येत नाही. अधिवेशन जानेवारीत सुरू होतं, सम वर्षी ६० दिवसांचं. विषम वर्षी ते घटनेने ३० दिवसांचं आणि प्रथेने ४६ दिवसांपर्यंत ताणलेलं असतं. एवढ्यात शेकडो फौजदारी विधेयकं आणि त्यांचे सुधारित मसुदे. माहिती नाही तर नाही म्हणणं हे मनाला येईल तो आकडा ठोकण्यापेक्षा केव्हाही बरं.

फ्लोरिडाची सेवा या बाबतीत वेगळी आहे. तिथली परिषद ‘वाढ, पण नगण्य’ असा शेरा देते आणि नगण्य म्हणजे दहा किंवा त्याहून कमी खाटा, हे आधीच ठरवून ठेवलेलं आहे. झुंजींसारख्या गुन्ह्याला हे माप जास्त शोभतं. वाचणाऱ्याला निदान खाटांचा अदमास येतो. टेक्सासच्या लेजिस्लेटिव्ह बजेट बोर्डाचं पत्रक आटोपशीर असतं आणि ‘राज्याच्या सुधारगृह व्यवस्थेवर लक्षणीय भार अपेक्षित नाही’ अशा धर्तीच्या वाक्यावर बऱ्याचदा संपतं. वाचायला सोपं, पण ‘लक्षणीय’ कुठून सुरू होतं ते शोधत बसा. तिन्हींत व्हर्जिनियाचं विश्लेषण सर्वांत सविस्तर आणि आकडा सर्वांत कृत्रिम.

खरा खर्च भुंकतो, तो पत्रकात नाही

दीड गुण गेला तो यासाठी. पत्रक माणसांच्या खाटा मोजतं. झुंजींच्या खटल्यातला मोठा खर्च माणसांच्या खाटांचा नसतोच. तो जप्त केलेल्या प्राण्यांच्या पिंजऱ्यांचा असतो.

व्हर्जिनियाच्या झुंजींच्या कलमातच सगळी यंत्रणा लिहिलेली आहे. प्राणी नियंत्रण अधिकाऱ्याला झुंजीचा प्राणी आणि साधनं जप्त करावीच लागतात. जप्तीपासून कामकाजाच्या १० दिवसांत न्यायालयापुढे सुनावणी. सकृद्दर्शनी आधार दिसला तर प्राणी काउंटीच्या मालकीचा होतो. मालकाला हे टळावं असं वाटत असेल तर ९ महिन्यांच्या सांभाळखर्चाइतकं हमीपत्र द्यावं लागतं आणि खटला लांबला तर पुढच्या प्रत्येक ९ महिन्यांसाठी नवं. दोष सिद्ध झाला तर सांभाळाचा वाजवी खर्च आरोपीकडून वसूल करण्याचा आदेश. ही कलमं उत्तम लिहिलेली आहेत. मालकाने हमीपत्र दिलं नाही तर प्राण्याचं पुढे काय करायचं ते लगेच ठरवता येतं, वर्षभर मुद्देमाल म्हणून कोंडून ठेवावं लागत नाही.

तरीही काय होतं? समजा, ४० कुत्रे पकडले आणि एका कुत्र्याचा दिवसाचा खर्च १५ डॉलर धरला. २७० दिवसांचे १ लाख ६२ हजार डॉलर होतात. हे केवळ गृहीत धरलेले आकडे आहेत, पण ते छापील पन्नास हजारांच्या तिप्पट भरतात आणि अजून एकही माणूस तुरुंगात गेलेला नाही. हमीपत्र न भरता मालकाने हात वर केले तर वसुलीचा आदेश कागदावरच राहतो.

झुंजीचा कुत्रा सांभाळणं नेहमीच्या भटक्या कुत्र्यापेक्षा महाग का पडतं, हेही पाहा. दोन कुत्रे एका पिंजऱ्यात ठेवता येत नाहीत. शेजारचा दिसू नये म्हणून मध्ये अपारदर्शक पडदी लागते. बाहेर काढताना प्रत्येकाची वेळ वेगळी. जुन्या जखमा, तुटलेले दात, जबड्याचे संसर्ग असतातच. चावण्यातून पसरणारा ‘बॅबेसिया गिब्सोनाय’ हा रक्तातला परजीवी या कुत्र्यांत बराच आढळतो. त्यावर अटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन १० दिवस द्यावं लागतं, त्यातलं पहिलं औषध महाग आणि स्निग्ध अन्नाबरोबर दिलं नाही तर नीट शोषलं जात नाही. मग सुमारे दोन आणि तीन महिन्यांनी रक्ताची पीसीआर तपासणी. रोजच्या सांभाळखर्चाचा अंदाज धरताना हे गृहीत धरलं नाही, तर हमीपत्राची रक्कम कमी ठरते आणि फरक काउंटी भरते. सरकारी वकिलांकडून ही चूक पहिल्या सुनावणीतच होऊ शकते, कारण तेव्हा तपासणीचे अहवाल आलेले नसतात.

अमेरिकन फुटबॉलपटू मायकेल व्हिकचा खटला यासाठी डोळ्यांसमोर ठेवावा. एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनियातल्याच सरी काउंटीत त्याच्या जागेवर छापा पडला, पन्नासच्या आसपास कुत्रे ताब्यात घेतले गेले. संघराज्य (फेडरल) न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये २३ महिन्यांची शिक्षा दिली. नोव्हेंबर २००७ मध्ये तो स्वतःहून हजर झाला होता. मे २००९ मध्ये लेव्हनवर्थच्या संघराज्य तुरुंगातून बाहेर आला आणि जुलैपर्यंत घरीच नजरकैदेत राहिला. राज्याच्या खटल्यात नोव्हेंबर २००८ मध्ये ३ वर्षांची शिक्षा झाली, पण ती स्थगित, वर २,५०० डॉलर दंड. म्हणजे देशभर गाजलेल्या झुंज-खटल्यात व्हर्जिनियाच्या तुरुंग खात्याची एकही खाट खर्ची पडली नाही. कुत्र्यांच्या सांभाळासाठी त्याला सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर द्यावे लागले, कुत्र्यामागे ढोबळ मानाने १८-१९ हजार. तो कोट्यधीश खेळाडू होता म्हणून वसुली झाली. गावाबाहेर कुत्री बांधून ठेवणाऱ्या बेरोजगाराकडून काय निघणार?

हा खटला दुसरंही एक सांगून जातो: मोठी प्रकरणं राज्याकडून संघराज्याकडे सरकतात. तिथला कायदाही त्याच वर्षी कडक झाला. २००७ मध्ये झुंजी लावणं संघराज्याच्या पातळीवर ३ वर्षांपर्यंतची फेलनी ठरलं, २००८ च्या शेती कायद्याने ती ५ वर्षांवर गेली. २०१४ मध्ये प्रेक्षकांनाही एका वर्षापर्यंत कैद आणि १६ वर्षांखालच्या मुलाला नेणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत. संघराज्याच्या शिक्षा-तक्त्यात या गुन्ह्याची पातळी २०१६ मध्ये १० वरून १६ करण्यात आली, तेव्हा शिक्षेची लांबी खरी वाढली. राज्याचं पत्रक लिहिताना ‘मोठा मासा संघराज्य नेणार, किरकोळ स्थानिक तुरुंगात जाणार’ ही विभागणी कुठेतरी मांडायला हवी. ती नाही.

आपल्याकडे यातलं काय आहे

महाराष्ट्रात असं पत्रक मागून पाहा. विधेयकासोबत उद्देश आणि कारणांचं निवेदन येतं, तिजोरीवर भार पडणार असेल तर वित्तीय ज्ञापन येतं. पण शिक्षा वाढल्याने येरवड्यात किती खाटा लागतील, हे कोणी लिहीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम बार असोसिएशनच्या निकालात नव्या कायद्यांचा न्यायालयांवर पडणारा भार आधी मोजावा, असं सुचवलं. न्या. जगन्नाथ राव यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यदलाने २००८ मध्ये अहवालही दिला. त्यात न्यायालयांचा विचार होता. तुरुंगांचा प्रश्न तिथल्या तिथे राहिला, आणि आपल्या तुरुंगांत चारपैकी तीन जण कच्चे कैदी असतात.

झुंजींच्या बाबतीत आपल्याकडे अडचण उलटी आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्राण्यांना झुंजायला चिथावणं अदखलपात्र, झुंजीची जागा चालवणं किंवा प्रवेशाचे पैसे घेणं मात्र दखलपात्र. म्हणून गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कोंबडबाजारावर पोलीस धाड घालतात तेव्हा जुगार प्रतिबंधक कायद्याचं कलम बहुधा जोडलेलं असतं. रोकड, दुचाकी, कोंबडे आणि पायाला बांधायच्या काती असा मुद्देमाल पंचनाम्यात येतो. गोव्यात धिरयोवर, म्हणजे बैल-रेड्यांच्या झुंजींवर, उच्च न्यायालयाने नव्वदीच्या दशकात बंदी घातली, तरी त्या चोरून होत राहिल्या, कारण पकडला गेलेला माणूस जो दंड भरतो तो पैजेच्या एका नोटेइतकाही नसतो. अशा कायद्याचं खर्चपत्रक काढलं तर तुरुंगांच्या ओळीत प्रामाणिकपणे शून्य लिहावं लागेल.

प्राण्यांच्या बाजूने मात्र एक बरी तरतूद आपल्याकडे आहे. २०१७ च्या मुद्देमाल-प्राणी देखभाल नियमांनुसार दंडाधिकारी प्राणी पांजरपोळ किंवा प्राणी संस्थेकडे देताना सांभाळखर्च ठरवू शकतात आणि तीन दिवसांत बंधपत्र दिलं नाही तर प्राणी संस्थेकडे कायम जातो. कागदावर हे व्हर्जिनियाच्या ९ महिन्यांच्या हमीपत्राच्या तोडीचं आहे. ज्या तपास अधिकाऱ्याला आणि संस्थेला हे नियम ठाऊक नसतात, तिथे जप्त कोंबडे ठाण्याच्या आवारात टोपल्यांखाली पडून राहतात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्ती विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला. गंभीर क्रौर्याला ३ वर्षांपर्यंत, प्राणी दगावल्यास ५ वर्षांपर्यंत कैद असा त्याचा रोख होता. अशा मसुद्यावर हरकती-सूचना पाठवणाऱ्या संस्थांनी व्हर्जिनियाच्या पत्रकाचा साचा उचलावा, आकडा नव्हे. पाच ओळी त्यांच्या, सहावी आपली: जप्त प्राण्यांचा रोजचा खर्च, किती दिवस आणि कोणाच्या खिशातून.

वापरताना

व्हर्जिनिया विधिमंडळाच्या माहिती प्रणालीवर विधेयकाचा क्रमांक टाकला की सारांशाच्या पानावर पत्रकाचे दुवे येतात. एकाच विधेयकाची दोन-तीन पत्रकं असतात, एक कमिशनचं आणि दुसरं नियोजन व अर्थसंकल्प खात्याचं. तुरुंगांचं विश्लेषण कमिशनच्या पत्रकात असतं. मसुद्याचा क्रमांक हातातल्या विधेयकाच्या आवृत्तीशी जुळतो का ते आधी बघा. समितीने ‘फेलनी’ खोडून ‘मिस्डिमीनर’ केलं असेल तर मूळ पत्रकातला पन्नास हजारांचा आकडा सुधारित आवृत्तीला लागू नसतो. आणि कलम क्रमांकाने शोधत असाल तर ३.२-६५७१ एवढ्यावर थांबू नका. ऑक्टोबर २००८ मध्ये प्राण्यांचे कायदे नव्या शीर्षकाखाली आले, त्याआधी हे कलम ३.१-७९६.१२४ होतं. व्हिक खटल्यानंतर २००८ च्या अधिवेशनात शिक्षा वाढवणारी जी विधेयकं आली त्यांची पत्रकं जुन्याच क्रमांकाखाली सापडतात.